पांढऱ्या लोकरीतली माझी लेकरं

मी एक जुना ढालकिडा आहे. किडा म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका, मित्रांनो. आणि ढालकिडा म्हटल्यावर तुमच्या पुस्तकातला तो लालचुटुक, काळ्या ठिपक्यांचा गोजिरवाणा प्राणीही डोळ्यांपुढे आणू नका. तो माझा दूरचा नातलग. त्याला आपल्या रूपाचा फार तोरा आहे. मी मोहरीच्या दाण्याएवढी, करडी, अंगभर बारीक लव असलेली मादी. नागपूरच्या रामदासपेठेत एका जुन्या बंगल्यात लहानशी कीटकशाळा आहे. तिथल्या कपाटात पुठ्ठ्याच्या इवल्या त्रिकोणाला चिकटून मी वर्षानुवर्षं बसले आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास आता अंगवळणी पडला. दुसरा उद्योग नाही, म्हणून माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म हुडकेश्वरच्या एका संत्र्याच्या बागेत झाला. १९७० नंतरची ती वर्षं. हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं. बाग देवरावाची. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ही झाडं लावली. देवरावाच्या लेखी ती नुसती झाडं नव्हती. एखादी फांदी मोडली, तर तो दिवसभर कुणाशी बोलत नसे. त्याची बायको प्रेमिला मात्र बोलत राही, झाडांशीसुद्धा.

त्या वर्षी बागेत पिठ्या ढेकूण शिरला. तुम्ही त्याला पाहिलं असेल. मऊ, चपटा, पीठ माखल्यासारखा पांढरा. हा फांदीला तोंड लावून रस पितो आणि मागून चिकट गोड पाणी सांडतो. त्या पाण्यावर काळी बुरशी धरते आणि सोन्यासारखं संत्रं काजळी फासल्यासारखं दिसू लागतं. वर मुंगळे त्या गोड पाण्यासाठी या ढेकणांची राखण करतात. माणसं गाई राखतात ना, तशीच. कुणी जवळ गेलं की कडकडून चावतात.

आणि मी हे ढेकूण खाते. दुसरं काही मला येत नाही, पण हे असं येतं की विचारू नका. मी खाते, माझी लेकरं तर माझ्याहून जास्त खातात. मी माझी अंडी ढेकणांच्याच कापसात लपवून ठेवते. अंड्यातून निघालेलं लेकरू थोडं मोठं झालं की आपल्या अंगावर पांढरी लोकर चढवतं. मग ते ढेकणासारखंच दिसतं, ढेकणाहूनही जाड आणि गुबगुबीत. मुंगळे फसतात. आपलंच जनावर समजून त्याला सोडून देतात आणि ते बिनधास्त त्यांचा कळप फस्त करतं. या युक्तीचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू! माणसंही फसतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पोळा झाल्यावर देवराव एक पांढरी फांदी पिशवीत घालून रामदासपेठेला गेला. दुसऱ्या दिवशी सायकलवरून सुहासिनीबाई आल्या. त्या इथेच, या कीटकशाळेत काम करत. पदर खोचून त्यांनी झाडं पाहिली, भिंग लावून फांद्या पाहिल्या.

"पिठ्या ढेकूण आहे, देवरावजी," त्या म्हणाल्या. "औषध मारायची घाई करू नका. साबणाच्या पाण्यात थोडं रॉकेल घाला आणि फडक्यानं पुसून काढा. जाड लोकरीचे, मोठे दिसतील ते आधी टिपा. अंडी त्यांच्याच पोटात असतात."

मित्रांनो, ऐकलंत? जाड लोकरीचे, मोठे म्हणजे कोण? माझी लेकरं! बाईंच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी पुस्तकात वाचलं ते सांगितलं. पण त्या पुस्तकात मी नव्हतेच. आमची जात तोवर कुणी ओळखलीच नव्हती.

प्रेमिला कामाला लागली. तिच्याइतकं निगुतीचं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, आणि कधी पाहूही नये! विहिरीकडच्या ओळीपासून तिने सुरुवात केली. एक झाड पूर्ण झाल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नसे. फांदी एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने फडकं खालून वर न्यायचं, मग डोळे बारीक करून पाहायचं. जाडजूड पांढरं काही दिसलं की चिमटीत धरून बादलीत टाकायचं. मला पंख होते, मी पुढच्या झाडावर उडून जात होते. लेकरांना पंख कुठले? मी पुढे जाऊन नवीन अंडी घालायची आणि तिचं फडकं मागून येतच राहायचं.

गंमत पाहा. गंमत कसली, दुर्दैवच. खरे ढेकूण फळाच्या देठापाशी, तिथल्या हिरव्या टोपीखाली दडून बसले होते. ते तिच्या फडक्याला लागत नव्हते. त्यांना खाणारी माझी पोरं मात्र बादलीत जात होती. पुसलेल्या झाडावर ढेकूण पुन्हा दुपटीने माजू लागला.

"मी पुसून पुसून थकून राहिले," प्रेमिला एका संध्याकाळी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् हे मेलं वाढूनच राहिलं. काहून असं होते जी?"

"बाईचं आयकून भूल झाली," देवराव म्हणाला. "आता मी पंप आणतो. दसऱ्याले गावाकडचे सारे दीक्षाभूमीले येतीन, आपल्या बागेतच उतरतीन. त्यांचे लेकरंबाळं झाडाखाली खेळतीन. त्याच्या आधी औषध मारून मोकळं होऊ. मांगून व्यापारी येईन. काळी संत्री पाहून तो पायरीवरूनच वापस जाईन."

"अन् तो वापस गेला तं?"

वडिलांनी लावलेल्या त्या झाडांकडे देवराव बघत राहिला. मला त्याचा राग आला होता, तरीही त्या वेळी त्याच्याबद्दल वाईट वाटलं, हे खरं सांगते.

कुंपणाकडचं शेवटचं झाड तेवढं पुसायचं राहिलं होतं. माझी उरलीसुरली लेकरं त्याच्यावर होती. बागेत आमचं म्हणावं असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ही गेली की आमची जात या बागेतून संपली.

पंपाचा दिवस उजाडला. देवरावाने तोंडाला गमछा बांधला. बादलीत औषध ओतलं, तसा असा वास सुटला की मुंगळेसुद्धा खोडावरून खाली पळाले. त्याने पंप पाठीवर चढवला आणि दांडा हलवून पाहिला. नळीच्या तोंडातून फुस्स करून हवा निघाली. सुरुवात कुठून करणार? कुंपणाकडून. वारा तिकडून होता आणि औषध आपल्या अंगावर येऊ नये म्हणून तो वारा पाठीशी ठेवून पुढे सरकणार होता. शहाणा माणूस! मी फांदीच्या टोकाला बसले होते. उडून जाणं माझ्या हातात होतं. लेकरांना टाकून मात्र पाय निघेना.

तेवढ्यात फाटकापाशी सायकल आपटल्याचा आवाज आला.

"थांबा! देवरावजी, थांबा!"

सुहासिनीबाई धावत आल्या. केस सुटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. छातीशी त्यांनी कंदिलाची काच धरली होती, दोन्ही तोंडांना कापड बांधलेली. आत लाल कोहळ्याची, म्हणजे भोपळ्याची, एक फोड होती आणि तिच्यावर माझ्याच रूपाची एक तरुण मादी फिरत होती.

"माझी चूक झाली," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुमच्या फांदीवरचे ते मोठे पांढरे मी या काचेत ठेवले होते. मला वाटलं, ढेकूणच आहेत. ते ढेकूण नाहीत हो! त्यांनी काचेतले सगळे ढेकूण खाल्ले, मग कोष केला आणि त्यातून हा भुंगा निघाला. ही तुमच्या बागेची राखण आहे. हिला मारू नका."

प्रेमिलाने कंदिलाची काच पाहिली, मग बाईंचं तोंड पाहिलं.

"मोठे आधी टिपा, हे कोण म्हणे वं बाई? तुम्हीच म्हणे. आता म्हणता टिपू नका. आम्ही कोणतं आयकाव?"

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "माझ्या बोलण्यावर जाऊ नका. डोळ्यांनी बघा."

त्यांनी माझ्या झाडाचं एक पान तोडलं. त्या पानावर माझं एक लेकरू होतं. त्याच्यापुढे त्यांनी एक खरा ढेकूण ठेवला आणि पान प्रेमिलाच्या तळहातावर दिलं. देवराव पंपाचा दांडा धरून उभा राहिला.

"लवकर दाखवा जी," तो म्हणाला. "वारा फिरला तं माह्या तोंडावर येईन सारं."

आता ऐका. आमच्या लेकरांना एक खोड आहे. त्यांना कुणी हात लावला, हलवलं, की ती निपचित पडतात. मेल्याचं सोंगच म्हणा. हे लेकरू तसंच पडलं. पांढरं, मुकाट, अगदी ढेकणासारखं. प्रेमिला वाकून पाहते आहे, बाई श्वास रोखून पाहताहेत, आणि हा पठ्ठ्या ढिम्म! मी वरच्या फांदीवर येरझाऱ्या घालत होते. हल रे बाळा, हल. एरवी दिवसभर चरतोस, आजच कशी भूक नाही तुला? मला ओरडता आलं असतं तर सारं हुडकेश्वर गोळा केलं असतं.

"हे तं काईच करून नाही राहिलं," देवराव म्हणाला.

"थोडं थांबा," बाई म्हणाल्या.

"थांबून थांबून बाग गेली माही." त्याने दांडा वर उचलला. नळी माझ्या फांदीकडे वळली. औषधाचा पहिला थेंब नळीच्या टोकाला जमलेला मला दिसला.

"थांब गा!" प्रेमिला एकदम म्हणाली. नवऱ्याला ती कधी असं बोलत नसे. तिने हात किंचित वर केला आणि पान डोळ्यांशी आणलं. "हाललं. थांब, हाललं ते."

लोकरीच्या झिरमिळ्या हलल्या. लेकराने डोकं बाहेर काढलं, इकडेतिकडे चाचपलं आणि ढेकणाच्या कुशीला तोंड लावलं. ढेकूण वळवळला. हा सोडेना. बघता बघता तो फुगीर ढेकूण सुरकुतला, चपटा झाला आणि पानावर त्याचं नुसतं पांढरं साल उरलं. पोर पुढच्या शिकारीसाठी पान चाचपू लागलं.

देवरावाने दांडा खाली केला. नळीतला थेंब जमिनीवर पडला. मला इतकं हलकं वाटलं की पाय फांदीवरून सुटायचेच राहिले.

प्रेमिला मात्र हसली नाही. ते पान हातात घेऊन ती तिथेच बांधावर बसली.

"म्हणजे बाई," ती हळूच म्हणाली, "म्या बादलीत टाकले ते सारे हेच होते?"

बाईंनी मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

नंतर सगळं ठरलं. दसऱ्यापर्यंत पंप लावायचा नाही. प्रेमिलाने शेवटच्या झाडाच्या डहाळ्या छाटून एकेका झाडाला बांधल्या आणि मुंगळे चढू नयेत म्हणून खोडांना ओल्या चिखलाचे पट्टे लावले. पाहुणे आले, झाडांखाली जेवले, त्यांची पोरं फांद्यांना लोंबकळली. त्यानंतर व्यापारी आला. काही संत्री काळवंडलेली होती, पण नवीन फळ स्वच्छ निघत होतं. त्याने नखाने काजळी खरवडून पाहिली आणि बागेतलं सगळं फळ घेतलं. हे मी पाहिलं नाही, बाईंच्या तोंडून ऐकलं. कारण पंपाच्या त्याच दिवशी त्यांनी ओल्या कुंचल्याच्या टोकाने मला उचललं आणि इथे आणून या पुठ्ठ्याला चिकटवलं. ही कोणती जात, हे ठरवायला नमुना हवा होता म्हणे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, तेही सांगून टाकते.

बाईंनी माझ्यासारखे आणखी नमुने दूरच्या तज्ज्ञांकडे पाठवले. पुष्कळ काळाने कळलं की ही जात कुठल्याच पुस्तकात नाही. मग आम्हाला एक लांबलचक नाव मिळालं. तेव्हा माझं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे, भिंगातून बघायचे, वा वा म्हणायचे. पुढे बाई निवृत्त होऊन प्रतापनगरला राहायला गेल्या आणि कपाट उघडेनासं झालं. धूळ साचली. शेजारच्या खणातले कितीतरी किडे दुसऱ्या किड्यांनी खाऊन टाकले. आपली पाळी कधी येते, या धास्तीत मी दिवस काढले.

मग एकदा कपाट उघडलं. सुहासिनीबाई होत्या, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांच्यामागे प्रेमिला. तिचे केस पांढरे झाले होते. हुडकेश्वरच्या आसपासच्या बाया आता तिच्याकडे विरजण मागावं तशी ढालकिड्यांची डहाळी मागायला येतात, हे ती कौतुकाने सांगत होती. बाईंनी माझी पेटी तिच्यापुढे ठेवली आणि भिंग हातात दिलं. प्रेमिला खूप वेळ वाकून पाहत राहिली.

"एवढूशी होतीस वं तू," ती म्हणाली. "तुही लेकरं म्या माह्या हातानं पुसली, माय. म्या पाह्यलं होतं, पण वळखलं नाही."

मित्रांनो, मला राग धरता आला नाही. बादलीत गेलेली माझी लेकरं परत येणार नव्हती आणि तिला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. तुमच्याही हातून कधीतरी काहीतरी पुसलं जाणार आहे, चिरडलं जाणार आहे, घाण म्हणून फेकलं जाणार आहे. तेव्हा एवढंच करा. हात घालण्याआधी ते तळहातावर घ्या आणि ते हलेपर्यंत थांबा. त्या दिवशी बागेत प्रेमिला तेवढं थांबली, म्हणून माझी पोरं अजून हुडकेश्वरला जेवतात.