पाच वर्षांच्या पताका

चर्रर्र! चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला आणि वित्स्के जिन्यावरच थबकली. सकाळपासून घरात आजच्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. खाली सासूबाई स्टुलावर चढून कागदी पताका लावत होत्या. नातीच्या वाढदिवसाला लावतात त्याच.

"बेप्पे, हे काय?" बेप्पे म्हणजे आजी; घरात सगळे त्यांना तसंच म्हणत.

"ऑपरेशनला पाच वर्षं पुरी झाली ना गं आज! दहा जणांना बोलावलंय."

"अहो, शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय अजून! तीन ते पाचमध्ये हॉस्पिटलवाले फोन करणारेत."

"चांगलाच येईल. तू तेवढं तोंड पाडून बसू नकोस."

तीनला शेजारीपाजारी आले. गोल मांडलेल्या खुर्च्यांपुढून जो तो हात मिळवत फिरला. अभिनंदन करताना घरातल्या एकालाही वगळायचं नाही, ही इथली रीत.

"शूर्ड, बायकोबद्दल अभिनंदन!"

"बेप्पे, सुनेबद्दल अभिनंदन!"

शेजारच्या आउकेकाकांनी तर सात वर्षांच्या निन्केचाही हात हलवला. "आईबद्दल अभिनंदन हं!"

"मी काय परीक्षा पास झालेय, काका?" वित्स्के म्हणाली.

काका हसले. शूर्ड कानाशी कुजबुजला, "लोक आलेत, जरा हस ना."

"तूच हस. दोघांच्या वाटचं हस."

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ती स्वयंपाकघरात गेली.

"सगळं स्वच्छ आहे," नर्स म्हणाली. "आता इथे यायची गरज नाही. शुभेच्छा!"

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आमच्याकडे काही नाही. मध्ये काही वाटलं, तर फॅमिली डॉक्टरांना दाखवा."

"काही वाटलं तर? अहो बाई, मागच्या वेळी मला काहीच वाटलं नव्हतं! काही म्हणजे काही नाही! तुम्हीच शोधलीत ना ती छातीतली गाठ?"

पलीकडच्या बाईने हळूच पुन्हा शुभेच्छा दिल्या.

दारात कान देऊन उभ्या शूर्डने बाहेर अंगठा दाखवला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वित्स्के तरातरा बाहेर आली. खुर्चीच्या वर टांगलेली पताका तिने ओढली, टराटरा फाडली.

"उद्यापासून माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? तुम्ही? केक खाऊन?"

टाळ्या विरल्या. आउकेकाका बशीतल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"फाड," बेप्पे म्हणाल्या. "सगळ्या फाड. पण मला हे संपायला हवंय गं. मीही दमलेय."

वित्स्केने हातातला कागद चुरगळला, मग उगाच सरळ करत बसली. निन्के खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ आली. ओठाला केकचं क्रीम लागलेलं.

"आई, संपलं ना आता? मग तू रोज आंघोळीला गेलीस की एक हात वर करून काय शोधतेस?"