नळीतला रंग

रुपरावांनी चिमट्यात धरलेली काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर नेली. लघवीचे थेंब घातलेलं औषध खदखदलं. फुंकर मारून त्यांनी दिवा विझवला आणि नळी डोळ्यांसमोर धरली.

"निळा," ते म्हणाले. "साखर नाही."

गोपिका चुलीपाशी बसून पाहत होती. नळीतला रंग भाजलेल्या विटेसारखा लालभडक होता.

सरकारी मेडिकल इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. निळा राहिला तर ठीक. पिवळा झाला तर भात, बटाटा बंद. विटकरी झाला तर लगेच या. तेव्हापासून ती त्यांना ज्वारीची भाकर, पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा देत आली होती. पण गेला महिनाभर रंग कसाही असो, रुपराव निळाच सांगत. ज्या माणसानं मिलच्या रंगखात्यात जन्म काढला, सुताची एक छटा ज्याला कधी चुकली नाही, तो गोडापायी बायकोच्या तोंडावर खोटं बोलतो, हे तिला फार लागलं. बोलतो तर बोलू दे. तिनंही मग हट्टानं तोंड मिटलं.

"निळा न? मंग घ्या."

चार दिवसांपासून घालत होती तशी त्यांच्या चहात तिनं भरभरून साखर घातली. आज तर जरीपटक्याच्या बाजारातून मुद्दाम आणलेल्या रव्याचा शिराही पुढे सरकवला. आज तरी लाजतील, खरं बोलतील.

रुपरावांनी बशीला हात लावला नाही. नळी घेऊन ते दाराशी गेले. मिलमध्ये सुताची लडी धरत तशी त्यांनी ती उन्हात जराशी तिरपी केली, मग अगदी पापणीला टेकवली.

"गोपिके, खरं सांग वं. कोनता रंग हाय?"

तिच्या हातातली पळी थांबली.

"तुमाले दिसत नाही?"

"उजेड दिसते. रंग नाही. सारं राखेवानी दिसून राहिलं."

"विटकरी हाय," ती हळूच म्हणाली.

"अन् काल?"

"कालबी."

ते उंबऱ्यावर बसले.

"मंग रोज निळा काहून म्हनत होते?"

"रंगखात्यातल्या मानसानं रंग दिसत नाही म्हनून सांगाव काय?" ते बाहेर पाहत म्हणाले. "भाकर-भाजीच खात होतो. म्हटलं, निळाच असन. चुकलो तर तू टोकशीन. तू त पाहतच होती. मंग चार दिसांआधी तू चहात साखर टाकली. म्हटलं, आपला अंदाज बराबर हाय. पन आज शिराबी आला, तवा शंका आली."

"मेडिकलले चला," गोपिका म्हणाली. चुलीतली लाकडं ओढून तिनं पाणी मारलं. दोरीवरचा धुतलेला सदरा आणून त्यांच्या अंगात घातला. बटणं त्यांची त्यांना लावता येत होती, तरी तिनंच एकेक लावत आणली. शेवटचं मात्र तिला काही केल्या लागेना.