जनरलसाहेबांची अधू दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. एकेकाळी समोरच्या डोंगरावरची पायवाट मी जवळ आणून दाखवत असे.

कारखान्यातून निघाले ती थेट बर्फातल्या एका चौकीवर पोहोचले. तिथे सांगलीकडच्या कुंडल गावचा तरुण कॅप्टन होता, लालासाहेब. एकदा त्याचे गस्तीवर गेलेले अकरा जवान ठरल्या वेळी परतले नाहीत. त्याने मला डोळ्यांवरून खाली घेतलंच नाही. दुपारी उतारावर हालचाल दिसली, तेव्हा तो स्वतः दोर घेऊन गेला आणि अकराही जणांना जिवंत घेऊन आला. पुढे पदकं मिळाली, लालासाहेब जनरल झाले. निवृत्तीच्या दिवशी पलटणीने मला त्यांच्या हाती दिलं.

मग लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि ते मंत्री झाले. सांगलीच्या कार्यालयात मी काचेच्या कपाटात जाऊन बसले. येणारा-जाणारा माझं कौतुक करी. बाहेर कुणी काढत नसे. सात पावसाळ्यांची ओल आत शिरली आणि माझ्या उजव्या भिंगावर बुरशी चढली. साहेबांना ते ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी कृष्णेला महापूर आला. साहेबांनी मला गळ्यात अडकवलं आणि पलूसच्या बाजूला पाण्याकाठी येऊन उभे राहिले. होडी एकच होती. शाळेच्या गच्चीवर चाळीस माणसं अडकली होती. त्यांच्याही पलीकडे, पाण्यात बुडत चाललेल्या एका पत्र्याच्या शेडवर काहीतरी तांबडं हलत होतं.

साहेबांनी मला डोळ्यांना लावलं आणि ते दचकले. उजवीकडे नुसतं धुकं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उजवा डोळा मिटला.

"साहेब, वाळत घातलेलं लुगडं हाय ते," त्यांचा सहायक पृथ्वीराज म्हणाला. "होडी शाळंकडं सोडूया. उशीर झाला तर लोक आपल्याला जित्तं सोडायची न्हाईत."

साहेबांनी मला पुन्हा शेडवर रोखलं. शेड रिकामी निघाली तर? तेवढ्यात शाळा खचली तर?

"पृथ्वीराज, ऊस कुठल्या अंगाला वाकलाय बघ," ते हळूच म्हणाले. "आन् लुगडं जातंय वाऱ्याच्या उलट. वाळत घातलेलं लुगडं असं हालतंय व्हय रं? होडी आधी तिकडं जाऊ दे."

होडी गेली. माझ्या एका भिंगातून आम्ही दोघं कधी शेडकडे, कधी गच्चीकडे बघत राहिलो. अखेर होडी परतली. तिच्यात रंगुबाई नावाची म्हातारी होती आणि तिचा पाय मोडलेला नवरा, बाळासो. थोड्या वेळाने शेड पाण्याखाली गेली. दिवस मावळायच्या आत गच्चीवरचीही सगळी माणसं काठाला आली.

रंगुबाई साहेबांना म्हणाली, "आवं, सकाळधरनं लुगडं हालवून हात गळालं. तुमची मानसं तीनदा काठावर आली. कुणी बगितलंच न्हाई."

जनरलसाहेबांनी मान खाली घातली. "चुकलं आमचं, आक्का," ते म्हणाले.

मित्रांनो, आभाळ दाटून आलं की मला आजही धास्ती वाटते. पुन्हा वेळ आली आणि मला दिसलंच नाही तर? म्हणून हात जोडून सांगते, जुनं म्हणून आम्हाला टाकू नका आणि थोर म्हणून दूरही ठेवू नका. आम्हाला पुसा, ऊन दाखवा, हाताळत राहा. नदी कुणासाठी थांबत नाही.