तेजसच्या नावावर फुली

बारशाला अर्धा तास उरला होता आणि सुशीलाबाईंचा लॅपटॉप ढिम्म हलत नव्हता. तेजसला सख्खी बहीण नाही, म्हणून जर्मनीत जन्मलेल्या त्याच्या लेकीच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या या एकुलत्या एका आत्याकडे आला होता. बाई धायरीच्या फ्लॅटमध्ये ठेवणीतली साडी नेसून तयार, आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र!

शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या अपेक्षाला हाक मारली. ही नागपूरची मुलगी हिंजवडीत नोकरी करते, रविवारी दुपारपर्यंत झोपते, पण काकूंची हाक आली की केस न विंचरताच धावते.

"काकू, मेमरी संपली आहे."

"कशी संपेल? सकाळीच पाचशे फोटो पुसलेत मी."

"ती कपाटातली जागा हो. ही ओट्यावरची. सगळीच भांडी ओट्यावर मांडली तर पोळ्या कुठे लाटाल?"

तिने यादी उघडली. चौतीस खिडक्या खाली दडवून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीवर तेजसचं नाव. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलचं पान बाईंनी कधी मिटलंच नव्हतं.

"रीस्टार्ट केला तर अपडेट सुरू होईल, त्यात बारसं उरकेल. ही पानं बंद का नाही करत तुम्ही?"

"कोपऱ्यात फुली आहे ती दिसत नाही का? चांगल्या धडधाकट पोराच्या नावावर फुली मारू?"

एरवी सोसायटीच्या चेअरमनला चार शब्दांत गार करणाऱ्या बाईंचा आवाज कापत होता. अपेक्षा हसली नाही, याबद्दल तिचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

"मग फुली म्हणूच नका. दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो ना? तशी वाढवा."

हे बाईंना पटलं. "ये हो बाळा," म्हणत त्यांनी एकेक करून चौतीस पानं वाढवली. चक्र थांबलं.

चारला तेजस दिसला. त्याने इअरफोन बाळाच्या कानाशी धरला. बाईंनी "कुर्रर्र" केलं आणि हळूच म्हणाल्या, "रेवा."

तिकडे तेजस आणि त्याची बायको, दोघंच टाळ्या वाजवत होते. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. बाई सवयीने वाकून बसल्या होत्या. या रिकाम्या घरात मागे असणार कोण?

एवढ्यात अपेक्षाने असा सणसणीत धपाटा घातला की बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"लागलं का हो काकू?"

"चार जणी लागतात त्याला," बाई पाठ तशीच ठेवून म्हणाल्या. "घाल आणखी तीन."