शेजारच्या पेटीतला परवाना

मी एक परवाना बोलतोय. तळहाताएवढा, प्लास्टिकचा. अंगावर घानाहून शिकायला आलेल्या एसिनाम आग्बोद्झाचा फोटो, तिच्या बोटाचा ठसा आणि वर्षभराची मुदत. मी हातात असल्याशिवाय तिला अमेरिकेत कोणी कामावर घेऊ शकत नव्हतं.

मला पाकिटात घालून ओहायोतल्या तिच्या इमारतीकडे धाडलं. बदलीवरच्या पोस्टमनने घाईघाईत मला चुकून वरच्या टपालपेटीत टाकलं. तिची पेटी खालची. मी पडलो ह्राबाक आजोबांच्या पेटीत. ते खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होते. नोंद मात्र झाली: पोचलं.

रोज दुपारी खालच्या पेटीत किल्ली फिरायची. मध्ये फक्त एक पत्रा. पण हाक कशी मारणार?

"अगं, पोस्टात जाऊन भांड ना!" तिच्या खोलीत राहणारी दिलनोझा म्हणायची.

"तीनदा भांडले. म्हणतात, पोचलंय. मग मी काय खाल्लं ते?"

नवा परवाना मागायचा तर आणखी तीन महिने. आणि नियम असा, की शिक्षणानंतर नव्वद दिवस बिनकामाचे गेले की देश सोडायचा. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने तिची जागा धरून ठेवली होती. किती दिवस धरणार?

आजोबांची भाची कॅरल अधूनमधून यायची, बिलं तेवढी काढून न्यायची. एकदा तिने मला उचललं. "सरकारी दिसतंय. मामा आले की बघतील," असं पुटपुटत परत आत सारलं. एवढ्यात एसिनाम जिना उतरून आली.

"ताई, माझं एखादं पाकीट चुकून तुमच्या पेटीत...?"

"नाही गं बाई. आमच्याकडे नुसती बिलं नि जाहिराती."

कॅरल खोटं बोलली नाही. तिने नाव वाचलंच नव्हतं.

ऐंशीव्या दिवशी एसिनाम पेट्यांसमोर उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. "ती जागा दुसऱ्याला दिली, आई."

"परत ये पोरी. घर आहे ना तुझं."

"आहे गं. पण निघताना अख्खी गल्ली निरोप द्यायला आली होती. त्यांना काय सांगू? पत्र आलं नाही म्हणून?"



पुढच्या आठवड्यात खाली किल्ली फिरवली ती दिलनोझाने.

मग काठी टेकत ह्राबाक आजोबा घरी आले. एकेक कागद वाचता वाचता माझ्यापाशी थबकले, आणि तसल्या पायाने दोन जिने चढून गेले.

"ही पोर कुठाय?"

"मंगळवारी गेली, आजोबा."

आजोबा तिथेच पायरीवर बसले. "मी पडलो तेव्हा तिनेच धावत जाऊन माणसं आणली होती," ते म्हणाले. "आणि हे माझ्याच पेटीत."

"तिला पाठवून देऊ या?" दिलनोझाने विचारलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तिकडे माझा काय उपयोग?

आता मी आजोबांच्या टेबलावर आहे. उद्या मला धाडणाऱ्या सरकारी कचेरीत परत जाईन. तिथे माझे तुकडे होतील. माझी मुदत अजून नऊ महिने शिल्लक आहे.

बाबांनो, दुसऱ्याचं पाकीट हाती आलं तर निदान नाव तरी वाचा. माझी वेळ गेली.

एसिनाम, मी आलो होतो गं.