चार हातांचं पीठ

झुंबरबाईंनी परातीतल्या पिठाच्या मधोमध बोटांनी खळगा केला आणि त्यात पाणी ओतलं. ओतताना त्यांनी मालनकडे पाहिलं नाही. मालननं काकणं कोपराकडे सारली आणि परातीत हात घातला. अलीकडचं पीठ तिनं ओढलं, पलीकडचं झुंबरबाईंनी. मीठ घालायचं नव्हतं. प्रभुभोजनाच्या पोळीत मीठ नसतं.

दोन बायकांचं बिनसलं की महिन्याच्या भोजनाची पोळी त्या दोघींनी मिळून करायची, असा या चर्चच्या मंडळीचा जुना रिवाज होता. शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत एकाच परातीत चार हात. रविवारी पोळी मोडण्याआधी पाळक त्या दोघींना भोजनाच्या मेजाशी उभं करत आणि जिचं नुकसान झालं तिला विचारत, हिच्याविषयी तुमच्या मनात काही आहे का. 'काही नाही' असं तिनं म्हटलं की पोळी मोडली जाई. ती गप्प राहिली, तर दुसरीनं मेजापासून लांब बसायचं. पुढच्या महिन्यापर्यंत, नाहीतर कायमचं.

तीन आठवड्यांपूर्वी पाझर तलावाच्या कामावर मालनची इस्तेर गेली. आठ महिन्यांची होती. दुष्काळी कामावरच्या बायकांची पोरं सांभाळायला झुंबरबाईंना नेमलेलं होतं. चार बांबूंवर ताडपत्री आणि तिच्या सावलीत सात-आठ लेकरं. त्या दुपारी इस्तेर रांगत सावलीबाहेर गेली, तापलेल्या मुरमावर. कुणी उचलेपर्यंत ती रडायचीही थांबली होती. दुसऱ्या पहाटे संपली. झुंबरबाईंचा डोळा लागला होता, असं सगळी मंडळी म्हणत होती. झुंबरबाई त्यावर काही बोलत नव्हत्या. आता त्या बाकीच्यांबरोबर खडी फोडायला बसत. त्यांच्यापाशी कुणी पोर ठेवत नव्हतं.

"मळताय का पिठाला मारताय?" गोजरबाई दारात उभ्या होत्या. सरपणाची मोळी त्यांनी उंबऱ्याशी टाकली. "तोंडं शिवून पीठ मळलं की पोळी दातात बसती, सांगून ठिवते."

दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

"मी आन माझी जाऊ सात वर्सं मळतोय," गोजरबाई म्हणाल्या. "भांडान काय मिटलं न्हाई. पोळ्या तेवढ्या मऊ व्हाया लागल्या."

झुंबरबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, मग त्यांना आठवलं असावं की हसायचं नाही. गोजरबाई पदरानं मान पुसत निघून गेल्या.

पीठ कोरडं होतं. मालन उठली, कोपऱ्यातली आपली कळशी उचलून उजव्या कडेवर घेतली आणि परातीशी आली. उजव्या बाजूला तिला कळशी पेलत नसे. पाणी हिंदकळलं आणि जमिनीवर सांडलं. तीन आठवडे असंच चाललं होतं. टँकरपासून घरापर्यंत येता येता अर्धा पेला पाणी वाटेतच सांडे. नवरा, भीमा, एकदा बोलला होता, डाव्या अंगाला घे की, सवयीची बाजू ती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डाव्या अंगाला जागा नव्हती. तिथं अजून इस्तेर बसलेली असे. ओलसर लंगोट, बरगडीला टेकलेली टाच, पदराचं टोक तोंडात घालून ओढणारी मूठ; इतकं खरं की दारातून जाताना मालन पोरीला चौकट लागू नये म्हणून अंग चोरून जाई.

पाळक सायकल भिंतीला लावून आत आले. शांतवनसाहेब सोनईहून येत. तीन गावांच्या मंडळ्या त्यांच्याकडे होत्या आणि उन्हानं त्यांचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. ते परातीजवळ उकिडवे बसले.

"मालनबाई, मन तयार होत नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका. आधी हात. मन मागून येतं."

मालननं पिठाचा गोळा उलटा केला.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा की."

"उद्या तुमी म्हनाल, प्रभू या मेजाशी हाय. मला त्यो जानवत न्हाई. पयलं जानवायचा. गाणं सुरू झालं की इथं, घशाशी यायचा."

"जाणवला नाही तरी तो असतो, बाई. आपल्याला काय वाटतं त्यावर त्याचं असणं थांबलेलं नाही."

"आन जी न्हाई, ती जानवतीया. तिचं काय?"

पिठानं भरलेला तिचा हात डाव्या कमरेशी गेला होता. पाळकांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला नाही, हातातच धरून ठेवला.

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. मग उठले आणि चर्चची दारं उघडायला गेले.

गोळा एक झाला होता. आता तो मुरवत ठेवायचा. झुंबरबाईंनी त्यावर ओलं फडकं पसरलं, कडा नीट खोचल्या, एखाद्या लेकराला पांघरूण घालावं तशा. मग हात तिथंच थबकले.

"त्या दिशी भरली हुती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ही कळशी. गळ्यापत्तूर. नंबर येईपत्तूर मी तुझ्या कळशीसाठी टँकरच्या रांगंत थांबले."

बाहेर पाळक दाराचा अडसर काढत होते, लाकूड घासल्याचा आवाज येत होता.

त्या दुपारी टँकर आला तेव्हा मुकादम कामाची जागा सोडू देत नव्हता. मालन वेळ साधून ताडपत्रीपर्यंत धावत आली होती. आत्याबाई, माझी कळशी लावा रांगंत, घरात थेंब न्हाई. पोरं झोपलीत, काय हुत न्हाई. झुंबरबाई नको म्हणाल्या होत्या. मालननं कळशी त्यांच्या हातात कोंबली होती आणि पुन्हा खड्ड्यात उतरली होती. संध्याकाळी पोर छातीशी धरून बसलेली असताना भीमानं विचारलं, म्हातारी कुठं हुती? तेव्हा मालनच्या तोंडून निघालं, झोपली हुती. एवढंच. ते मग सगळ्या गल्लीनं उचललं.

"तुमी का न्हाई बोललात?" मालननं विचारलं. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

"तवा कसं बोलायचं? पोर तुझ्या मांडीवर हुती."

"त्याच्यामागं?"

"त्याच्यामागं रोज उशीरच हुत गेला." झुंबरबाईंनी बोटांना चिकटलेलं पीठ खरवडून काढलं, गोळी करून परातीत ठेवली. वाया जाऊ द्यायचं नव्हतं. "उद्या तू म्हन, काई न्हाई. मी मधी तोंड घालनार न्हाई. मला मेजाशी बसायचंय, मालन. मी आता किती दिस."

"आत्याबाई—"

"भीमा तुला नांदवायचा न्हाई खरं कळलं तर. पोळपाट घे."

पोळ्या झाल्या. मऊ झाल्या.

रविवारी चर्च भरलं होतं. कामाला सुट्टी होती; पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या, मध्ये सतरंजीची मोकळी पट्टी. पाळकांनी नावं घेतली तशा दोघी उठल्या आणि मेजाशी जाऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या कापडाखाली पोळ्यांचा गोल दिसत होता. मालनला पुरुषांच्या रांगेत भीमा दिसला. त्यानं दाढी केली होती. इस्तेर गेल्यापासून पहिल्यांदाच.

"मालनबाई, झुंबरबाईंविषयी तुमच्या मनात काही आहे?"

रात्रभर तिनं शब्द जुळवले होते. मी कळशी दिली. मी धाडलं. त्या झोपल्या नव्हत्या. तीन वाक्यं, लहान पोरालाही पाठ होतील. तिनं तोंड उघडलं. शेजारी झुंबरबाईंचा श्वास ऐकू येत होता, खडी फोडून फोडून घरघर लागलेला. त्यांची करंगळी मालनच्या पदराला लागली आणि तिथंच राहिली, थांब म्हणून की बोल म्हणून, ते कळलं नाही. मालननं भीमाकडे पाहिलं.

"काई न्हाई," ती म्हणाली.

पाळकांनी डोळे मिटले. सगळ्या मंडळीतून एक सुस्कारा गेला. कुणीतरी गाणं धरलं. पाळकांनी पोळी मोडली, पहिला तुकडा झुंबरबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा मालनच्या. झुंबरबाईंनी तो दोन्ही हातांनी तोंडाशी नेला आणि लहान मुलासारखा हावरटपणे खाल्ला. मालनच्या तोंडात तुकडा बराच वेळ तसाच होता. पिठाची चव होती. बाकी काही नव्हतं.

बाहेर पिंपरणीच्या झाडाखाली बायका रेंगाळल्या. गोजरबाईंच्या सुनेनं, सगळं मिटलं म्हणून, आपलं तान्हं झुंबरबाईंपुढे धरलं.

"धरा की जरा, आत्या. मी चपला बघते."

झुंबरबाईंनी हात पाठीमागे घेतले.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी न्हाई धरत."

सून हसली, तिला वाटलं म्हातारी लाजते आहे. तिनं पोर पुन्हा खांद्याला घेतलं. झुंबरबाई गावाच्या दिशेनं चालू लागल्या, एकट्याच, भराभर.

मालन मागच्या खोलीत गेली. परात धुऊन पालथी घातलेली होती. कळशीत कालचं पाणी होतं, निम्म्याहून जास्त. ते घरी न्यायचं होतं. टँकर आता मंगळवारी. तिनं वाकून कळशी उचलली आणि भीमाची हाक आली म्हणून घाईनं दाराकडे वळली. दाराच्या चौकटीतून ती सरळ बाहेर पडली, अंग न चोरता.

दहा-बारा पावलं गेल्यावर ती थांबली. खाली पाहिलं. कळशी डाव्या कडेवर होती, इस्तेरच्या जागी. नीट बसली होती. थेंबभरही पाणी सांडत नव्हतं.

"चल की," भीमा पुढून म्हणाला. "ऊन चढाया लागलंय."

मालननं कळशी उजवीकडे घेतली. पुन्हा डावीकडे घेतली. मग तशीच धरून त्याच्या मागून चालत राहिली.