पेटीत ठेवलेली फ्रेम

मी एक जुनी लाकडी फ्रेम आहे. माझ्या काचेमागे बाबासाहेबांचा फोटो आहे, एवढीच माझी श्रीमंती.

मित्रांनो, माझा जन्म भिगवणजवळच्या डाळज गावचा. मोडक्या सागवानी दाराच्या फळीतून गेणू सुताराने मला घडवले. भानुदास आबा शेजारी बसून सारखे टोकत होते.

"गेणू, काच घट्ट बसव. सायबाला वारं लागंल."

"सायेब कुठं वाऱ्याला भ्यालं, आबा? तुमीच भिताय," गेणू म्हणाला, आणि दोघेही हसले.

आबांनी मला दाराच्या अगदी समोर टांगले. उंबऱ्यात पाय ठेवणाऱ्याला आधी मीच दिसायचे. आबा म्हणायचे, "ज्याला बसायचंय त्यानं बघून बसावं. आपुन काय लपवायचं न्हाय." जयंतीला माझ्यावर टपोऱ्या झेंडूचा हार चढायचा. आबांचा नातू समाधान माझ्याखाली बसूनच शिकला. पुढे त्याची बायको करुणा आणि चिमुकली लेक पायल रोज घराबाहेर पडताना मला 'जय भीम' म्हणू लागल्या.

आबा गेले. करुणाला बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात काम लागले. पाळी पहाटेची, त्यामुळे डाळजहून वेळेत पोचणे जमेना. दोघे मोटारसायकलवर खोली शोधत फिरले. दारोदारी आधी आडनाव विचारले जाई, आणि ते सांगितले की खोली कालच गेलेली असे. शेवटी काम सुटायची वेळ आली, तेव्हा घरमालकीण बनाबाईंच्या दारात समाधानने भलतेच आडनाव सांगितले. खोली मिळाली. मी मात्र पत्र्याच्या पेटीत, गोधडीखाली गेले.

तिथला अंधार मी कसा सांगू? वरून बनाबाईंचा आवाज यायचा. "घे गं करुणा, ताक घे. आपल्यातलीच हायसा तुमी." करुणा हळूच 'व्हय मावशी' म्हणायची आणि तांब्या घ्यायची. बनाबाई मायेच्या होत्या, म्हणून तर ते खोटे जास्त लागायचे.

पायलला सांगून ठेवले होते, इथे मोठ्याने 'जय भीम' म्हणायचे नाही. मग ती पेटीला गाल लावून कुजबुजायची. एकदा बनाबाईंनी ते पाहिले.

"पेटीत काय ठिवलंय गं, पोरी?"

पायलने आईकडे पाहिले. मग नजर न हलवता म्हणाली, "काय न्हाय. जुनी कापडं हायती."

चार वर्षांची पोर किती सफाईने बोलली ते! बनाबाई गेल्यावर करुणा पेटीपाशी खाली बसली. "हे मीच शिकवलं तिला," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून रडली. मग उठली. मला बाहेर काढले, काच पुसली, आणि वरवंट्याने दारासमोरच्या भिंतीत खिळा ठोकू लागली.

ठोकण्याचा आवाज ऐकून बनाबाई आल्या. "खिळा मारायचा न्हाय म्हणलं हुतं ना?" आणि मग मी दिसले. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"मावशी, आडनाव खोटं सांगितलं. ते चुकलंच आमचं. आमी रणपिसे."

मग बनाबाईंनी ओट्यावरचा आपला ताकाचा तांब्या उचलला. "म्हैनाअखेर खोली रिकामी करा," त्या म्हणाल्या. मान खाली घालून.

आज मी मोटारसायकलवर आहे, करुणाच्या मांडीवर, काच बाहेरच्या बाजूला. माझ्यावर पदरही ओढलेला नाही. ऊन सरळ डोळ्यांत येते. एक दार झाले, दुसरे झाले. उद्याच्या पाळीला करुणा कुठून जाणार, ते तिलाच माहीत नाही. तिसऱ्या दारात आतून विचारणा झाली, "आडनाव?" आईबापांच्या आधी पायलच बोलली, अगदी मोठ्याने, "रणपिसे. जय भीम."

ते दारही लागले. पण करुणाने मला पदराआड घेतले नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली, लाकूड किडले, तरी माझी तक्रार नाही. एवढेच करा. तुमच्या दारात कोणी उन्हातून खोली विचारायला आले, तर आडनावाच्या आधी पाणी विचारा.